मिसळीचं हॉटेल काढताय? आधी आठ दिवस रस्त्यावर उभे राहा

हॉटेल काढायचं ठरवलेला माणूस माझ्याकडे आला की पहिला प्रश्न बहुधा नावाचा असतो. नाव काय ठेवू, बोर्ड कसला करू, भिंतीवर वारली चित्रं काढू का. मी विचारतो, तुझ्या एका प्लेट मिसळीत फरसाण किती ग्रॅम जाणार? मग तो गप्प होतो, चहा घेतो आणि पुन्हा बोर्डावर येतो.

कराडकडच्या एका गावात, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, मी नऊ वर्षं चोवीस खुर्च्यांचं नाश्त्याचं हॉटेल चालवलं. सकाळी सातला शटर वर, दुपारी तीनला खाली. खाली लिहिलंय ते अशा लहान हॉटेलासाठी आहे. एसी फॅमिली रेस्टॉरंट किंवा परमिट रूमचं गणित निराळं. आकडे माझ्या वहीतले आहेत. तुमच्या गावचे दर घालून ते पुन्हा मांडा, पण मांडा मात्र नक्की.

आधी रस्ता मोजा

जागा आवडली की लगेच टोकन देऊ नका. समोरच्या पानटपरीजवळ आठ दिवस उभे राहा, सकाळी साडेसहा ते अकरा. दर अर्ध्या तासाला वहीत तीन आकडे लिहा: किती माणसं गेली, त्यातली किती थांबली, आणि थांबली ती कुठे. गर्दी दिसते तेवढी उपयोगाची नसते. आमच्या स्टँडवर सकाळी सहा-साडेसहाला मुंग्यांसारखी माणसं असायची, पण सगळी गाडी पकडायच्या घाईत. ती फार तर उभ्यानं चहा मारणार. खरं गिऱ्हाईक साडेआठनंतरचं: तहसील कचेरीत कामाला आलेले, कोर्टाच्या तारखेवाले, कॉलेजची पोरं, मालाची गाडी खाली करून मोकळे झालेले हमाल.

आठ दिवसांत आठवडी बाजाराचा वार आलाच पाहिजे, रविवारही आला पाहिजे. बाजाराच्या दिवशी दुप्पट धंदा आणि सोमवारी माश्या मारणं, असा रस्ता असेल तर माणसं आणि माल त्याच हिशोबानं ठेवावे लागतात. कॉलेजवर भिस्त असेल तर मे महिना आणि दिवाळीची सुट्टी वजा करा. श्रावणात आणि एकादशीला निम्मी पंगत उपासाची असते, तेव्हा साबुदाण्याची खिचडी नसेल तर शेजारच्याचा गल्ला भरतो.

मग पंधरा दिवस दुसऱ्याच्या भटारखान्यात

ओळखीच्या हॉटेलवाल्याला विनंती करून पंधरा दिवस फुकट काम करा. शक्यतो दुसऱ्या गावात, म्हणजे त्याला तुमची धास्ती नको. गल्ल्यावर बसायचं नाही. खरकटं उचला, कांदा चिरा, मोरीवर उभे राहा. पहाटे चारला उठून कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, करणं तुमच्या अंगाला झेपतं का, हे तिथंच कळेल. माझ्या ओळखीतल्या एकाला तिसऱ्या दिवशी कळलं की आपल्याला लोकांना खायला घालायला आवडतं, हॉटेल चालवायला नाही. त्याचे आठ-दहा लाख वाचले. आज तो घरून दिवाळी फराळाच्या ऑर्डरी घेतो आणि मजेत आहे.

पदार्थ सहा, फार तर सात

मिसळ, पोहे, उप्पीट, वडा, उपासाची खिचडी, चहा. एवढ्यावर सुरुवात करा. हौसेनं डोसा घातलात की पीठ, तवा, चटणी, सांबार आणि डोसा येणारा माणूस असं सगळं लटांबर येतं. यादी ठरवताना बघायचं ते हे, की एक जिन्नस किती पदार्थांत फिरतो. चिरलेला कांदा मिसळीत, पोह्यात, उप्पिटात जातो. वड्याचा बटाटा आणि खिचडीचा बटाटा एकाच कुकरात शिजतो. जो जिन्नस एकाच पदार्थात लागतो आणि दोन दिवसांत खराब होतो, तो यादीत घेऊ नका.

एका प्लेटचा हिशोब

इथे सावकाश जाऊ या. पन्नास प्लेट मिसळीला माझ्या वहीप्रमाणे काय लागत होतं, ते असं:

मटकी अडीच किलो, ३२५ रुपये. फरसाण तीन किलो, ६००. पाव शंभर, ३५०. कांदा दोन किलो आणि टोमॅटो दोन किलो, मिळून १२०. सुकं खोबरं अर्धा किलो, २००. तेल दीड लिटर, २२५. मिरची, धणे, खडा मसाला, १५०. लिंबू-कोथिंबीर, ९०. बेरीज २,०६० रुपये, म्हणजे प्लेटमागे ४१ रुपये आणि थोडे पैसे. त्यात वाढून दिलेला कट, सांडलं-लवंडलं, दिवसाच्या शेवटी उरलेला पाव असे दहा टक्के धरा. प्लेट पंचेचाळीसला पडली.

पुस्तकी नियम म्हणतो, कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या ३० ते ३५ टक्क्यांत बसवावा. त्या नियमानं ही मिसळ १३० रुपयांना विकावी लागेल. आमच्या गल्लीत १३० सांगितले असते तर गिऱ्हाइकानं हात जोडले असते. भाव नव्वद. म्हणजे मिसळीत निम्मे पैसे मालातच जातात, आणि बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलेला पदार्थच सगळ्यात कमी टक्के सोडतो. तूट भरून काढतात पोहे आणि चहा. तीस रुपयांच्या पोह्यांना माल अकरा-बारा रुपयांचा लागतो. म्हणून मिसळ खाऊन झाल्यावर ‘चहा सांगू का?’ हे टेबलावरच्या पोरानं न चुकता विचारलं पाहिजे. माझ्याकडे तो प्रश्न हाच अर्धा नफा होता.

बेरजेत सगळ्यात मोठा आकडा फरसाणाचा आहे, हे पाहिलंत ना? पहिल्या वर्षी आमच्याकडे फरसाण मुठीनं घालायचे. वस्तादाची, म्हणजे मुख्य आचाऱ्याची, मूठ मोठी, त्याच्या भाच्याची लहान. एक दिवस मी वजनकाटा घेऊन बसलो तर प्लेटीत कुठे ५५ ग्रॅम, कुठे ९०. तीस ग्रॅम जादा म्हणजे सहा रुपये. दिवसाला ऐंशी मिसळी धरल्या आणि त्यातल्या निम्म्यांत जरी जादा गेलं तरी २४० रुपये. महिन्याला सहा हजारांच्या वर, नुसतं मुठीतून. दुसऱ्या दिवशी भांड्यांच्या दुकानातून साठ ग्रॅमला काठोकाठ भरणारी स्टीलची वाटी आणली आणि फरसाणाच्या डब्याला साखळीनं बांधून टाकली. कटाचं ओगराळंही तसंच एकाच मापाचं ठेवा. गिऱ्हाइकाला कट हवा तेवढा द्या, त्यात हात आखडू नका. पण पहिली प्लेट मापात जाऊ द्या.

रोज किती माणसं यायला हवीत

आता महिन्याचा ठरलेला खर्च. भाडं २२ हजार. पगार ७२ हजार: वस्ताद २४, मदतनीस १४, टेबलावर दोघं बारा-बारा, भांडी घासणाऱ्या मावशी १०. व्यावसायिक गॅस १४ हजार, वीज ७, पाणी-साफसफाई-किरकोळ ६, कर्जाचा हप्ता १२. एकूण १ लाख ३३ हजार. यात एक खर्च हटकून राहतो, तो म्हणजे तुमचा स्वतःचा पगार. घर चालवायला २५ हजार धरा. झाले १ लाख ५८ हजार.

माणशी सरासरी बिल ७० रुपये, त्यातून माल वजा जाता ४० उरतात. १ लाख ५८ हजारांना चाळीसनं भागा: महिन्याला ३,९५० माणसं. सव्वीस दिवस धंदा धरला तर रोज १५२. एवढी आली तर तुम्ही बरोबरीत, नफा त्याच्या पुढे.

चोवीस खुर्च्यांत हे जमतं का? माणूस वीस मिनिटांत उठतो असं धरलं तर कागदावर तासाला ७२ होतात. पण चारच्या टेबलावर दोघंच बसतात आणि ओळख नसलेल्यासमोर बसायला लोक बिचकतात, म्हणून निम्मे धरा. साडेआठ ते अकरा या वेळात नव्वद, उरलेले मागे-पुढे. जमतं, पण ओढून-ताणून. हा आकडा आणि रस्त्यावर मोजून आणलेला आकडा शेजारी शेजारी लिहा. दोन्हींत फार अंतर असेल तर त्या जागेचा नाद सोडा.

जागा आणि करार

ढोबळ मानानं भाडं विक्रीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असावं. पण जागा बघताना भाड्याआधी चार गोष्टी बघा: पाणी किती तास येतं, मोरीचं पाणी कुठे जातं, विजेचा व्यावसायिक जोड आहे का, आणि धूर कुठून बाहेर काढणार.

या चौथ्या गोष्टीनं माझे पासष्ट हजार घेतले. एक्झॉस्टचं तोंड मागच्या बोळात काढलं होतं. उद्घाटनानंतर तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या. त्यांच्या देव्हाऱ्याची खिडकी नेमकी तिथंच. फोडणीला टाकलेल्या मिरचीचा ठसका थेट देवाला. त्यांचं चुकलं नव्हतंच. महिनाभर तक्रारी झाल्या, शेवटी गच्चीपर्यंत पत्र्याचा पाइप चढवावा लागला. तुम्ही टोकन देण्याआधी वरच्या आणि बाजूच्या लोकांना भेटा आणि धुराचा रस्ता त्यांना दाखवा. इमारत सोसायटीची असेल तर ना हरकत लेखी घ्या.

करार लिव्ह अँड लायसन्सचा करा आणि नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. अकरा महिन्यांचा करार राहत्या घराला ठीक. ज्या जागेत तुम्ही फरशी, मोरी, ओटा, चिमणी यांवर लाखभर घालणार, तिथे निदान तीन वर्षं तरी लिहून घ्या. पाच मिळाली तर उत्तम. दरवर्षी भाडं किती टक्के वाढणार, मालकाला मध्येच जागा काढून घेता येणार नाही तो काळ किती, डिपॉझिट किती दिवसांत परत, हे तोंडी ठेवू नका. धंदा चालू लागला की मालकाचा स्वर बदलतो, हे मी पाहिलंय. आणि जागा कागदोपत्री व्यापारी वापराची आहे याची खात्री करा, कारण पुढचे परवाने तिथंच अडकतात.

कागदपत्रं

हे काम कंटाळवाणं आहे, अवघड नाही. अन्न सुरक्षेची नोंदणी किंवा परवाना ऑनलाइन ‘फॉस्कॉस’ पोर्टलवर मिळतो. उलाढाल लहान असेल तर नोंदणी, मोठी असेल तर परवाना. मर्यादा आणि फी अर्जाच्या दिवशी पोर्टलवरच बघा, एजंटाच्या तोंडून ऐकू नका. मिळालेला १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात लावायचा, बिलावरही छापायचा. पाण्याची तपासणी आणि सगळ्या कामगारांची वैद्यकीय तपासणी करून दाखले फाइलीत ठेवा. तपासणीला अधिकारी आला की पहिल्यांदा तेच मागतो.

याशिवाय नगरपरिषद किंवा महापालिकेचा आरोग्य परवाना, दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद (कामगार थोडे असतील तर नुसती सूचना पुरते), पोलिसांकडचं खाद्यगृहाचं काम आणि अग्निशमनाचं ना हरकत. यांतलं नेमकं काय लागतं ते गावागणिक बदलतं, म्हणून एक अर्धा दिवस थेट नगरपरिषदेत घालवा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, ऑनलाइन आणि फुकट आहे, तिचे पैसे कुणाला देऊ नका. बोर्ड मराठीत, देवनागरीत, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत.

जीएसटी मात्र सुरुवातीलाच समजून घ्या. आपल्याकडे हॉटेलाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. वरच्या हिशोबातलं हॉटेल रोज १५२ माणसांवर वर्षाला ३३ लाखांपर्यंत जातं, म्हणजे तुम्ही त्यात येणारच. साध्या हॉटेलाला दर ५ टक्के, आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. कंपोझिशन योजना, म्हणजे उलाढालीवर थेट ५ टक्के भरून मोकळं होणं, घेतली तर कागद कमी, पण तो कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. म्हणजे ७० रुपयांतले साडेतीन तुमचे गेले, चाळीसचे साडेछत्तीस झाले, आणि १५२ माणसांची १६७ झाली. मेनूकार्ड छापायच्या आधी सीएकडे जा, ते यासाठी.

पैसा

माझ्या मापाच्या हॉटेलाला साधारण दहा लाख धरा. डिपॉझिट दीड लाख. भट्टी, फ्रीज, मिक्सर, टेबलं, भांडी २ लाख ६० हजार. मोरी, वीज, रंग १ लाख २० हजार. करार, परवाने, बोर्ड ४० हजार. पहिला माल ३०. झाले सहा. उरलेले चार लाख बँकेत ठेवा आणि त्यांच्याकडे बघू नका. ते पहिल्या महिन्यांच्या तोट्यासाठी आहेत. बहुतेक लोक हे चारही लाख फर्निचरमध्ये घालतात आणि तिसऱ्या महिन्यात किराणावाल्याला चुकवत फिरतात.

जुनं सामान घ्यायला लाजू नका. बंद पडलेल्या हॉटेलांचं सामान निम्म्या किमतीत मिळतं. टेबलं, ओटे, पातेली बेलाशक घ्या. जुना फ्रीज आणि जुनी गॅसची नळी घेऊ नका. कर्जासाठी मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत शिशू, पाच लाखांपर्यंत किशोर आणि दहा लाखांपर्यंत तरुण असे गट आहेत, आणि तारण लागत नाही. बँकेत जाताना प्लेटच्या हिशोबाचा कागद सोबत न्या. आमच्या मॅनेजरसाहेबांनी प्रोजेक्ट रिपोर्ट बाजूला ठेवून तोच दोनदा वाचला होता.

भटारखाना

खडूनं जमिनीवर आखून बघा. कच्चा माल एका बाजूनं आत यावा, तयार प्लेट दुसऱ्या बाजूनं बाहेर जावी, आणि खरकटं येताना तयार प्लेटीच्या वाटेत येऊ नये. मोरी भट्टीपासून लांब. सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिकच, घरगुती १४.२ किलोचा हॉटेलात लावणं गुन्हा आहे आणि अपघात झाला तर विमाही हात वर करतो. पेटलेल्या तेलावर पाणी ओतायचं नाही, कढईवर झाकण टाकायचं आणि गॅस बंद करायचा, हे प्रत्येक कामगाराकडून एकदा करून घ्या. वड्याचं तेल काळं पडलं, फेस धरू लागलं की ते दुसऱ्या दिवशी वापरू नका.

माणसं

आमच्या गावच्या यात्रेच्या आदल्या रात्री वस्ताद सांगून गेला, ‘मालक, उद्यापासून नाही जमणार.’ स्टँडसमोर कुणीतरी दोन हजार जास्त दिले होते. कटाचं वाटण फक्त त्याला यायचं. रात्री दहापासून दोनपर्यंत मी आणि बायकोनं चार वेळा वाटण केलं, आणि चारही वेळा ते वेगळं लागलं. यात्रेला आलेल्या माणसांनी खाल्लं बिचाऱ्यांनी, पण रोजच्या गिऱ्हाइकांनी चेहऱ्यावर दाखवलं.

त्यानंतर मसाला माझ्या हातात आला. खोबरं किती ग्रॅम, किती भाजायचं, मिरची कुठली, सगळं वजनानं लिहिलं आणि आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी, वाटण घरी करून हॉटेलात न्यायला लागलो. तुम्ही हे पहिल्या दिवसापासून करा. वस्तादाचा मान राखा, त्याला पगार चोख द्या, पण कटाची चव तुमच्या वहीत असू द्या.

पगाराआधी उचल मागणं या धंद्यात चालतंच. द्या, पण वहीत सही घेऊन, आणि एका महिन्याच्या पगाराच्या निम्म्याच्या वर नाही. चौदा वर्षांखालचं पोर कामाला ठेवायचं नाही, कुणी कितीही गयावया केली तरी. जेवण सगळ्यांना हॉटेलातलंच आणि पोटभर. उपाशी माणूस वाढताना चिडतो.

पहिले दिवस

उद्घाटनाच्या आधी तीन दिवस शेजाऱ्यांना फुकट खाऊ घाला. पहिल्या दिवशी दहा, दुसऱ्या दिवशी वीस, तिसऱ्या दिवशी चाळीस. तिसऱ्या दिवशी काय काय कोसळतं ते बघा: आमच्याकडे चमचे संपले आणि गाळणी सापडेना. उद्घाटन मंगळवार-बुधवारी करा, रविवारी नको. पहिल्याच रविवारी पन्नास माणसं ताटकळून परत गेली तर ती वर्षभर फिरकत नाहीत.

ॲपवरून घरपोच पाठवायची घाई नको. ९० च्या मिसळीतून कमिशन पाव भाग धरलं तर २२ गेले, कट-फरसाणाच्या वेगळ्या डब्यांचे ८ गेले, हातात ६० आले आणि त्यातले ४५ मालाचे. पार्सलचा भाव निराळा लावता येत असेल तरच त्यात पडा.

रोज रात्री तीन ओळी लिहायच्या: विक्री किती, माल किती आला, काय टाकून दिलं. ती तिसरी ओळ कुणी लिहीत नाही. मी लिहू लागलो तेव्हा कळलं, की मंगळवारी आम्ही दर आठवड्याला दोन-तीन डझन पाव फुकट घालवतो. मंगळवारची ऑर्डर कमी केली.

आणि शटर ओढायच्या आधी मटकी. ती आठ-दहा तास भिजायला हवी, मग कापडात बांधून मोड यायला आणखी दिवसभर, थंडीत त्याहून जास्त. रविवारच्या मिसळीची मटकी शुक्रवारी भिजत पडते. शुक्रवारी विसरलात तर शनिवारी रात्री काही करता येत नाही, म्हणून आमच्या भटारखान्याच्या दारावर आतल्या बाजूनं खडूनं लिहिलेलं असायचं: ‘शुक्र. मटकी दुप्पट.’